दोन दारांचं खोपटं

हिराजी, तू गेलास हे मला मान्य आहे. तुझ्या चितेवर मीही एक लाकूड ठेवलं, तेव्हा त्यावर वाद नाही. पण परवा तुझा दहावा आटोपून खाडीवरून परतताना तुझा थोरला मला म्हणाला, "काका, आता बाबाशी भांडायचं संपलं तुमचं." ते मात्र मी मानत नाही. एकानं उठून निघून जायचं आणि दुसऱ्यानं गप्प बसायचं, याला काय तह म्हणतात? तहाला दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, हे तूच मला टपाल नाक्यावरच्या हॉटेलात टेबलावर बोट आपटून सांगितलं होतंस. माझी सही झालेली नाही. म्हणून शाळेतली एक कोरी वही घेऊन बसलोय. तू मधे मधे हूं हूं करणार नाहीस, एवढाच काय तो फरक.

कुठून सुरू करू? बांधावरूनच करतो. तुला बांध समजावून सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण ही वही उद्या माझ्या नातवंडांच्या हाती पडेल आणि ती पनवेलात वाढलेली, त्यांच्या पायाला कधी चिखल लागलेला नाही. तर मुलांनो, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, आणि मधे मातीचा लांबलचक बांध. खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत दाणा पिकत नाही. बांधाची अर्धी लांबी आपल्या गावानं राखायची, अर्धी पल्याडच्या गावानं. बरोबर मधे उघाडी, म्हणजे लाकडी झडपांचं दार. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरती आली की मिटायचं. तिच्यावर पहारा एक दिवस आपला, एक दिवस त्यांचा. पणजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं.

त्याच बांधावरून आपण पनवेलच्या शाळेत यायचो. बांधाला खेकड्यांची बिळं, आणि मी खेकड्याला भिणारा. आगऱ्याच्या पोटी जन्मून खेकड्याला भितो म्हणून सगळी पोरं फिदीफिदी हसायची. तू हसायचा नाहीस. पाठकुळी घ्यायचास आणि वर ऐकवायचास, "गनू, तू शीक बाबा. तुज्याच्यानं शेती व्हनार नाय." तू तिसरीत दोनदा बसलास, मी फायनल पास होऊन पनवेलात मास्तर झालो. मोठी लढाई चालू होती तेव्हा तू एक दिवस न सांगता फौजेत नाव घालून आलास. आई तुझी आठ दिवस जेवली नव्हती. तू मात्र नव्या बुटांत पायाला आलेले फोड आम्हाला मोठ्या कौतुकानं दाखवत फिरत होतास.

माझ्या धाकट्या बहिणीचं, यशोदेचं लग्न आठवतं? आईबाप लवकर गेले, तिला मीच लहानाची मोठी केली. पल्याडच्या किसनला दिली. कन्यादान मला करायचं, मग नवऱ्या मुलाचा कान पिळायला भाऊ कोण? तू रजेवर आलेला. म्हणालास, "मी काय मेलोय का?" आणि असा काही कान पिळलास की वरात घरी पोचेपर्यंत किसनचा कान लाल. यशोदा जाताना रडायची सोडून हसत होती. किसन नंतर कितीतरी वर्षं तुला बघितलं की कानावर हात ठेवायचा.

मग तू कोरियाला गेलास. तिथली लढाई थांबली होती. चांगुणावहिनी सुकी मासळी घेऊन बाजाराला आल्या की शाळेच्या ओट्यावर यायच्या आणि मी तुझं पत्र वाचून दाखवायचो. पहिल्याच पत्रावर त्यांनी मला पेचात टाकलं. "लढाई थांबली ना भावजी? मग यांना कशाला पाठवलं?" मी मास्तरी आव आणून म्हटलं, "वहिनी, भांडण थांबलं म्हणजे मिटलं असं नाही." त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "ते मी सासूच्या घरात रोज बघते. त्यासाठी फौज कशाला लागते?" मग सगळं सांगावं लागलं. दोन्हीकडचे हजारो कैदी. त्यांतले पुष्कळ म्हणतात आम्हाला आपल्या मुलखात परत जायचंच नाही. एक बाजू म्हणते तुम्ही त्यांना धाक घातलात, दुसरी म्हणते त्यांची खुशी आहे. म्हणून या कैद्यांना सांभाळायला ना इकडची ना तिकडची अशी फौज हवी, ती आपली. वहिनींनी टोपली डोक्यावर घेतली. "म्हंजे दुसऱ्यांची भांडनं आनि पोरं हे सांभालनार. घरची मी," असं म्हणून त्या चालू लागल्या.

तुझं ते हेलिकॉप्टरचं पत्र मी वर्गातसुद्धा वाचून दाखवलं होतं. तिथल्या सरकारला आपली फौज नको होती, म्हणून जहाजातून उतरवून तुम्हाला थेट हवेतून तळावर नेलं. तू लिहिलंस, "त्यांच्या जमिनीला आमचे पाय लागलेले चालत नायत. गनूला सांग, सोवलं हितंबी हाय." अख्खा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मग दिवसभर मनात आलं, ज्यांचं भांडण मिटवायला हा गेला त्यांनीच याला दारात उभं करू नये, आणि तरी हा तिथं कुडकुडत उभा.

परत आलास तो ऐन उन्हाळ्यात, अंगात तो जाडजूड लष्करी कोट घालून. एस.टी.तून उतरलास तर स्टँडवरच्या टांगेवाल्यांनी तुझ्याभोवती गर्दी केली. मी म्हटलं, "अरे लेका, वैशाखात कोट? घामानं मरशील." तू म्हणालास, "आनलाय तर दाखवायला नको?" त्या दिवसापासून तुझं नाव पडलं कोरिया. तुला ते आवडायचं, उगाच नाही म्हणू नकोस.

दर बाजाराच्या दिवशी आपली बैठक ठरलेली. मी वर्तमानपत्र वाचून ठाम मतं घेऊन यायचो. कोण चुकलं, कोणी आधी गोळी झाडली, कुणाला धडा शिकवायला हवा होता, मला सगळं ठाऊक! तू बशीत चहा ओतून फुंकर मारत बसायचास. एकदा मी चिडून विचारलं, की बाबा तुझं मत तरी काय? तू म्हणालास, "मास्तर, बाजू घेनं सोपं हाय. मधी उभं ऱ्हा, मग कलंल. आमाला दोन्हीकडनं शिव्या पडायच्या. एकाच बाजूनं पडल्या का आमी समजायचो, काहीतरी चुकलं आपलं. दोन्हीकडनं पडल्या का बरोबर उभे हाव."

आणि मग तू भातवाल्याची गोष्ट सांगितलीस. ती ऐकून मी तुझ्याशी जे भांडायला लागलो ते तू जाईपर्यंत.

तो कैदी तुमच्या तळावर होता. नाव तुला नीट म्हणता येईना, म्हणून तू त्याला भातवाला म्हणायचास. तारेच्या आतून तो वाकून लावणी करून दाखवायचा, बाहेरून तू करून दाखवायचास. एकदा त्यानं बर्फात काठीनं रेघ ओढली, एका बाजूला पाण्याच्या लाटा काढल्या, दुसऱ्या बाजूला रोपं. तू त्या रेघेच्या मधोमध उघाडी काढलीस. तो नाचलाच म्हणे. एवढ्या लांबच्या मुलखात बांध बघून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे तू सांगितलं नाहीस, पण सांगताना पुन्हा आलं म्हणून मला कळलं.

कैद्यांच्या आत म्होरके होते. कुणी मनातलं बोललं की ते बडवायचे. "एकट्याला घेतल्याबिगर मानूस खरं बोलत नाय," तू म्हणायचास. म्हणून एकेकाला तंबूत न्यायचं. समोर त्याच्या मुलखाची माणसं बसलेली, ती त्याला घरी चल म्हणून समजावणार. तंबूतून बाहेर पडायला दोन दारं. एका दारानं गेला तो घरी जाणार, दुसऱ्या दारानं गेला तो नाही जाणार. तू कैद्याच्या शेजारी उभा. हुकूम असा की बोलायचं नाही, खुणवायचं नाही. भातवाल्याची पाळी आली. सगळं ऐकून झाल्यावर तो उठला, दोन दारांच्या मधे थांबला आणि वळून त्यानं तुझ्याकडे बघितलं. सांग, कुठं जाऊ? आणि तू मान खाली घालून आपले बूट बघितलेस.

"मग कुठल्या दारानं गेला?" मी विचारलं.

"गेला एका."

"अरे पण कुठल्या?"

"ते त्याला इचार."

मी टेबलावर थाप मारली तशी बशीतला चहा सांडला. म्हटलं, हिराजी, तो माणूस जन्माचा प्रश्न तुला विचारत होता. तुझ्याशिवाय त्याला त्या मुलखात दुसरं कोण होतं? एक मान हलवली असतीस तर काय बिघडलं असतं? ही कसली तुझी मधली जागा, हा तर पळपुटेपणा झाला! तू चिडला नाहीस. धोतराच्या सोग्यानं टेबल पुसलंस आणि आणखी एक चहा सांगितलास. तुझ्या त्या न चिडण्यानं मी आणखीच भडकायचो, हे तुला पक्कं माहीत होतं.

आता आपल्या गावाच्या लढाईचं लिहायला हवं. टाळलं तर तू तिथून हसशील.

श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली. मोठं भगदाड. दोन्ही गावांचं भात एका दुपारी खाऱ्या पाण्यात गेलं. त्या दिवशी उघाडीवर पाळी पल्याडची होती, आणि उभा होता आपला किसन. गावातून चारजण माझ्याकडे पनवेलला धावत आले. "मास्तर, किसननं मासली धरायला उघाडीला जालं लावलेलं. झडपा ओंडका घालून उघड्या ठेवल्या. पानी तिथनंच आत आलं." मी बांध बघायला गेलो नाही. किसनला बोलावून विचारलं नाही. दौत-टाक घेतला आणि कचेरीला अर्ज लिहिला, किसनच्या नावानिशी. माझं अक्षर वळणदार, भाषा शुद्ध. ऐकीव गोष्ट अशी काही नीटनेटकी मांडली की वाचणाऱ्याला वाटावं, मास्तर स्वतः तिथं उभे होते.

किसनला शाळेसमोरच्या कचेरीत बोलावणं आलं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तो ओट्यावर उकिडवा बसून होता, आणि माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो मला दिसत होता. मी मुलांना भूगोल शिकवत होतो. हिराजी, मी त्याला पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही. माझा मेहुणा, माझ्या यशोदेचा नवरा. पुढे चौकशीत काहीच निघालं नाही. पण दोन्ही गावांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं, तिकडच्या सुना इकडे माहेराला येईनाशा झाल्या, आणि खांड तशीच उघडी राहिली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. आपले म्हणत, आधी त्यांनी चूक कबूल करावी. ते म्हणत, आधी मास्तरनं अर्ज मागं घ्यावा. तू दोन्ही गावांत खेपा घालून दमलास. दोन्हीकडनं शिव्या खाल्ल्यास. मला येऊन म्हणालास, "बरोबर उभा हाय वाटतं." पाऊस महिन्यावर आलेला. पुढच्या उधाणाआधी बांध बांधला नाही तर दोन्ही गावांना शेती सोडून पोटापाठी कुठंतरी जावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि चारचौघांत बोलायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती.

तेव्हा तू उघाडीवर झापांचं खोपटं उभं केलंस. अर्धं आपल्या हद्दीत, अर्धं त्यांच्या. शिरायला एक फट आणि बाहेर पडायला दोन दारं. पुढलं दार खांडीकडे, तिथं टोपल्या आणि फावडी रचून ठेवलेली. मागलं दार शेतातल्या पायवाटेवर, आडोशाला, म्हणजे कुणी घरी गेला तर चारचौघांना दिसू नये. दोन्ही गावांत सांगावा धाडलास, की घरटी एकेकानं यायचं, एकट्यानं आत शिरायचं, आणि मी एकच गोष्ट विचारणार. आणि त्या रणरणत्या वैशाखात तू आत बसलास तो कोरियाचा कोट आणि बूट चढवून! लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. तू म्हणालास, "आत हिराजी बसला तर तो एका गावचा हाय. हा कोट कोनाच्याच गावचा नाय."

काय दिवस होता तो! एकेक जण आत जायचा. तू विचारायचास, "पल्याडच्याच्या खांद्याला खांदा लावून माती टाकशील का?" आणि जो चावडीवर महिनाभर दंड थोपटत होता तोच एकटा सापडल्यावर खाली बघून म्हणायचा, "टाकीन की." पुढल्या दारानं बाहेर पडून टोपली उचलायचा. बाहेर आल्यावर बघतो तर आपले सगळेच तिथं, आणि पल्याडचेही! एकमेकांकडे चोरासारखे बघून हसायला लागले. मी लांबून बघत होतो. किसन आत गेला आणि लगेच पुढल्या दारानं बाहेर आला.

मग माझी पाळी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी मी एकटाच खांड बघून आलो होतो. ज्या अर्जासाठी वर्षभर ताठ मानेनं फिरलो, त्याची तपासणी तेव्हा केली! खांड उघाडीपाशी नव्हतीच. चांगली शंभर पावलं अलीकडे, आपल्या गावाच्या वाट्यात. उरलेल्या बांधाला खेकड्यांनी चाळणीसारखी बिळं पाडलेली, आणि आपण दोन उन्हाळे ती लिंपलेली नव्हती. किसनची काडीची चूक नव्हती.

मी आत आलो. तुझ्या कपाळावरून घामाच्या धारा. तू मला नेहमीसारखं गनू म्हटलं नाहीस, मास्तरही म्हटलं नाहीस. इतरांना विचारलंस तेच विचारलंस. पुढल्या दारातून मला किसन दिसत होता, टोपली घेऊन उभा, पाठमोरा. त्या दारानं गेलो तर पहिला तोच भेटणार. त्याला काय तोंड दाखवू? मी दोन दारांच्या मधे थांबलो आणि तुझ्याकडे बघितलं. अरे, मी! तुझ्या पाठीवर बसून शाळेत गेलेला गनू. आणि तू मान खाली घालून बूट बघितलेस.

दिवसभरात मागल्या दारानं एकच माणूस गेला.

बायका खालून शेतातली माती डोक्यावर आणत होत्या. त्याच पायवाटेवर समोरून यशोदा आली. डोक्यावर चिखलाची टोपली, कपाळावर ओघळ. तिनं मला बघितलं, मी कुठून बाहेर आलो ते बघितलं. वाटेच्या कडेला सरून तिनं मला वाट करून दिली, परक्या माणसाला देतात तशी. आठ वर्षं झाली. तेव्हापासून तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नाही.

तू कुणाला सांगितलं नाहीस. गावाला आजतागायत वाटतं की मास्तरांना त्या दिवशी ताप होता. ही अफवा तूच उठवलीस, मला ठाऊक आहे. बांध झाला, पुढं भातही झालं. "कोरियाला न्या" ही तर आपल्याकडे म्हणच पडली. सख्खे भाऊ भांडले, कोरियाला न्या. विहिरीवर बायका जुंपल्या, कोरियाला न्या. पल्याडचे लोक तुला पहिलं भात आणून द्यायचे, आपल्यातले थोडे जळायचे. दोन्हीकडे तुझं पान मांडलेलं असायचं. तुझ्याबरोबर गावातून हिंडताना मलाही उगाच मोठं वाटायचं.

फक्त एक प्रकरण तुला मिटवता आलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरला दाखवायला पनवेलला आलास तेव्हा दम लागत होता. चहाला हात न लावता म्हणालास, "मास्तर, एक काम ऱ्हायलंय." मी म्हटलं, त्यांनी आधी यावं. तू हसलास. "आठ वर्सं हेच चाललंय. याच्यापरीस कमी वेलात कोरियाची लढाई थांबली." मग मला काय झालं कोण जाणे, आठ वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. "तू का नाही बोललास त्या दिवशी? एक शब्द! पुढल्या दारानं जा म्हणाला असतास तर मी गेलो असतो. तू मान हलवली नाहीस म्हणून माझी बहीण तुटली, हिराजी!" हॉटेलातले लोक वळून बघायला लागले. तू पुन्हा मान खाली घातलीस. या वेळी पायात वहाणा होत्या, त्या बघत बसलास. मी अर्धा चहा टाकून तरातरा निघून आलो. मागून तू हाक मारलीस. मी ऐकली, आणि वळलो नाही.

ती शेवटची हाक. आता सांग, मी या वादाचं काय करू? माफ कर म्हणायला तू समोर नाहीस आणि भांडायलाही नाहीस.

दहाव्याला दोन्ही गावं आली होती. किसन होता, यशोदा बायकांत बसली होती. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत रे. मी निघताना वहिनींना विचारलं, "भातवाला कुठल्या दारानं गेला, तुम्हाला तरी सांगितलं होतं का त्यानं?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "मीबी लई येला इचारलं, भावजी. बोलायचे, ते दार त्याचं हाय, माझं नाय. मी कशाला कोनाला सांगू?"

इथवर लिहून वही मिटली होती. आज पुन्हा उघडतोय, कारण काल एक गोष्ट झाली.

सकाळी उठलो तो वहिनींचं ते बोलणं डोक्यातून जाईना. शाळेला सुट्टी होती. टोपी घातली आणि पल्याडच्या वाटेला लागलो. बांधावरून एकटाच. या वयातही खेकडा दिसला की पाय उचलला जातो, हसू नकोस. उघाडीपाशी थोडा थांबलो. तुझं खोपटं कधीच वाऱ्यानं नेलंय, चार मेढींची भोकं तेवढी आहेत.

किसनच्या अंगणात पोचलो. तो जाळं दुरुस्त करत ओट्यावर बसला होता. मला बघून उठला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी सगळं पाठ करून गेलो होतो, मास्तर ना मी! एक वाक्य आठवेल तर शपथ. एवढंच निघालं, "किसन, खांड आमच्याच बाजूची होती. मला तेव्हाच कळलं होतं. अर्ज खोटा होता."

आतून यशोदा दारात आली. तिनं ते ऐकलं होतं. मला बघितलं आणि मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. मला ती नजर लगेच ओळखू आली, हिराजी. दोन दारांच्या मधली नजर. सांगा, मी काय करू?

कचेरीच्या ओट्यावर दिवसभर उकिडवा बसलेला माणूस तो. त्यानं नुसतं तोंड फिरवलं असतं तरी यशोदा आत गेली असती, आणि मला बोल लावायला जागा नव्हती. हसून मान हलवली असती तर ती बाहेर आली असती, पण मग जन्मभर मनात राहिलं असतं की नवऱ्यानं धाडलं म्हणून आली. किसननं यातलं काहीच केलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि आपल्या पायाचे अंगठे बघत उभा राहिला.

गड्या, आठ वर्षं ज्याला मी पळपुटेपणा म्हटलं, ते समोर उभं राहून बघितल्यावर मला कळलं. किती जड जात होतं त्याला! मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तू त्या कोटात घामानं भिजला होतास तो उन्हानं नव्हे. मला पुढल्या दाराकडे ढकलायला तुला एक बोट पुरलं असतं. पण मग किसनसमोर जो उभा राहिला असता तो तू धाडलेला मास्तर असता, गनू नसता.

यशोदा उंबरा उतरून आली. माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं रडेल, मीच रडलो. ती रागानं म्हणाली, "आठ वर्सं लागली तुला हा बांध ओलांडायला? भायेर काय उभा ऱ्हायलास? पाय धू." किसननं लोटी पुढे केली. ज्याला मी पाणी दिलं नाही, त्यानं माझ्या पायांवर पाणी घातलं.

निघताना किसन उघाडीपर्यंत पोचवायला आला. तुझा विषय निघाला तसा त्याचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि आम्ही दोघं तिथंच बांधावर बसून हसलो. यशोदा पुढच्या आठवड्यात चार दिवस राहायला येणार आहे.

तर ही माझी सही. भातवाल्याचं आता मी विचारणार नाही, ते दार त्याचं. भांडण संपलं, हिराजी. आता तरी मान वर कर.